सीआयडी : एसीपी प्रद्युम्नांचा पंचनामा कोणी केला?

भरदुपारी
सोमवार, ७ एप्रिल २०२५, रात्री ९:५०

स्पॉयलर आहेत. भाग बघायचा राहिला असेल तर इथूनच मागे फिरा, नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका.

रामनवमीचा सुंठवडा अजून डब्यात आहे आणि आमच्या घरात सुतक असल्यासारखं वातावरण. सोनीवर या शनिवार-रविवारी 'सीआयडी' मालिकेत एसीपी प्रद्युम्नांना उडवलं. आय गँग नावाची टोळी, तिचा बार्बोसा, बॉम्ब, संपलं. वाहिनीने लगोलग १९९८ ते २०२५ अशी सालं घालून श्रद्धांजलीचं चित्रही टाकलं. आपल्याकडे चौकात फ्लेक्स लागतो ना, खाली 'शोकाकुल मित्रमंडळ' लिहिलेला, तसंच.

मालिका सुरू झाली २१ जानेवारी १९९८ ला, तेव्हा मी तिसरीत. दहावी, बारावी, लग्न, नाशिकहून पुणं, बाळंतपण, परत नाशिक. २०१८ च्या ऑक्टोबरात बंद पडली आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली, तेवढी मधली सहा वर्षं सोडली तर हा माणूस आमच्या दिवाणखान्यात येऊन हवेत बोटं फिरवत राहिला. ज्याच्या जिवावर एवढी वर्षं दुकान चाललं त्याला निरोप द्यायला एवढी घाई?

पण धागा काढायचं कारण मी नाही, आमचे पप्पा. पप्पा पोलीस खात्यातून हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली बरीचशी वर्षं रायटर, म्हणजे ठाण्यातलं लिखाण करणारे, मग मुद्देमाल कारकून. सीआयडी ते एकही भाग न चुकवता बघतात आणि एकही भाग चुका काढल्याशिवाय बघत नाहीत. प्रेताला हात लावला की "हातमोजे!", पिस्तूल रुमालात गुंडाळलं की "सील कुठाय?" परवा भाग संपला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. दोन मिनिटं गप्प बसले, मग चष्मा पुसत म्हणाले, "पंचनामा कोणी केला?"

तर बोला. तुमच्या घरी काय झालं?

रुमाल
रात्री ९:५८

रुमाल टाकून ठेवतो. सावकाश लिहीन.

टिचकी
रात्री १०:०४

'आय गँग' ऐकल्यापासून माझी आजी विचारतेय, कुणाच्या आयची?

सोलापुरी_चादर
रात्री १०:२०

टिचकी, हसून हसून पुरेवाट.

भरदुपारी, तुमच्या पप्पांना नमस्कार सांगा. आमच्या घरी बायकोने रिमोट टीपॉयवर आपटला आणि म्हणाली, "आता हा कोण नवा पोरगा?" एसीपी आयुष्मान म्हणून पार्थ समथान येतोय म्हणे. पुण्याचाच आहे, त्याच्याबद्दल माझं काही वाकडं नाही. पण प्रद्युम्न साकारणाऱ्या शिवाजी साटमांच्या जागेवर बसायचं म्हणजे जत्रेत भीमसेन आण्णांच्या नंतर माइक हातात घेण्यासारखं आहे.

खडूस_आत्या
रात्री १०:३१

कोणीही रडू नये. मेलेले नाहीत. टीव्हीवर गोळी लागून मेलेला अर्धा मेलेला असतो, दरीत पडलेला पाव, आणि स्फोटात गेलेला तर मुळीच नाही. २००१ साली त्या सासू-सुनांच्या मालिकेत मिहीर विराणीला मारलं होतं. आमच्या सोसायटीत बायकांनी दोन दिवस धड स्वयंपाक केला नाही. आला की परत! लोकांनी वाहिनीच्या नाकी नऊ आणले तेव्हा आला.

मेपलपान
रात्री १०:४०

आत्या +१. शेरलॉक होम्सला त्याच्या लेखकाने १८९३ मध्ये धबधब्यात ढकललं होतं, १९०३ मध्ये परत आणावं लागलं.

खडूस_आत्या
रात्री १०:४४

होम्स परवडला. तो निदान दहा वर्षं मेला होता. आपल्याकडे पुढच्या सणाच्या महाएपिसोडला येतात.

साडेसाती
रात्री ११:१५

लोकप्रिय मत नसेल, तरी लिहितो. एक काल्पनिक पोलीस अधिकारी मेला म्हणून गळे काढणाऱ्यांनी त्या अधिकाऱ्याने केलं काय, तेही आठवावं. तपास म्हणजे काय? संशयिताला खोलीत बसवा, इन्स्पेक्टर दयाच्या हातची एक सणसणीत द्या, तो घळाघळा सगळं ओकतो, मग साहेब म्हणणार की आता तुला फाशी. न्यायाधीश, वकील, आरोपपत्र, जामीन, कशाचाही पत्ता नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. हा नियम इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यातही होता आणि गेल्या वर्षी आलेल्या नव्या कायद्यातही आहे. तो इंग्रजांनी का घातला? कारण पोलीस मारून कबूल करून घेतात हे त्यांनासुद्धा ठाऊक होतं. आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या पोरांना शिकवलं की थप्पड मारली की सत्य बाहेर पडतं. मग पोलीस कोठडीत माणूस मेला की आपण म्हणतो, काहीतरी केलंच असेल त्याने.

टिचकी
रात्री ११:१९

साडेसाती आली म्हणजे आता धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलो.

खडूस_आत्या
रात्री ११:३७

साडेसाती, कायद्याचं तुमचं सगळं खरं. पण मी माझं सांगते. नव्वदीच्या शेवटी आमच्याकडे एकच टीव्ही आणि माणसं सात. सासूबाई, मी, दोन मुलं असे एकत्र बसून बघू शकू असा खुनाचा कार्यक्रम म्हणजे हाच. प्रेत असायचं, पण अंगावर चादर. कधी किळस नाही, कधी बाईच्या अब्रूचा तमाशा नाही. नंतर खऱ्या गुन्ह्यांवरचे म्हणून जे कार्यक्रम आले त्यात काय असायचं? पहिली वीस मिनिटं त्या बाईचे कपडे, तिचं हसणं, तिचं घराबाहेर पडणं, आणि शेवटी खून. निवेदक वर आपल्याला सावध राहायला सांगणार, म्हणजे बाईनेच. सीआयडीत बाई मेली तर तिला निदान न्याय तरी मिळायचा, तासाभरात का होईना.

आणि थप्पडेचं म्हणाल, तर माझ्या मुलांनी त्यातून एकच गोष्ट उचलली : बंद दार दिसलं की दयासारखा खांदा मारायचा. बाथरूमची कडी दोनदा बदलली.

साडेसाती
रात्री ११:४८

आत्या, बायकांच्या मुद्द्यावर सहमत. तो मी विचारात घेतला नव्हता. थप्पडेच्या मुद्द्यावर ठाम आहे.

लॅबवाली
मंगळवार, ८ एप्रिल, सकाळी ७:२५

नेहमी वाचनमात्र असते, पण पंचनामा हा शब्द दिसला आणि राहवलं नाही. मी एका फॉरेन्सिक प्रयोगशाळेत काही वर्षं काम केलंय. कुठल्या, ते विचारू नका.

आधी मालिकेतले फॉरेन्सिक डॉक्टर, डॉ. साळुंखे यांच्याबद्दल. ते एकटे जे करतात त्यासाठी प्रत्यक्षात किमान चार वेगळी खाती लागतात. शवविच्छेदन करणारे डॉक्टर सरकारी रुग्णालयातले, न्यायवैद्यक विभागाचे. विषबाधेचा संशय असेल तर ते व्हिसेरा, म्हणजे जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे, मिठाच्या संपृक्त द्रावणात बरण्यांमध्ये भरून मोहोरबंद करतात. पोलीस त्या बरण्या पत्रासह प्रयोगशाळेत आणून देतात. मुंबईची प्रयोगशाळा कलिनाला आहे. तिथे विष शोधणारा विभाग वेगळा, रक्त आणि डीएनए बघणारा वेगळा, गोळ्या-बंदुका बघणारा आणखी वेगळा. यातला कोणीही मृतदेहाशेजारी उभं राहून एसीपींशी भांडत नाही. बरण्यांवरची मोहोर आणि पत्रावरची मोहोर जुळली नाही तर नमुना घेतच नाहीत. म्हणजे भरदुपारीच्या पप्पांचं "सील कुठाय" हे आमच्याकडचं पहिलंच वाक्य.

मात्र त्या काचेच्या नळीतलं पाणी निळं व्हायचं त्याला हसू नका. रंग बदलणाऱ्या चाचण्या खऱ्या असतात. डाग रक्ताचा असू शकतो का हे बघायला फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी करतात, गुलाबी रंग येतो. जुन्या बेंझिडीन चाचणीत निळा यायचा. फक्त त्यावरून 'खुनी डावखुरा होता आणि त्याला मावशी होती' एवढं कळत नाही. 'रक्त असण्याची शक्यता आहे, पुढे तपासा' एवढंच कळतं.

या मालिकेने आमचं एक नुकसान केलं. नमुना घेऊन येणारे हवालदार विचारायचे, "मॅडम, थांबू का? संध्याकाळपर्यंत होईल ना?" कपाटात आधीच्या प्रकरणांची रांग लागलेली असायची. आणि फायदाही केला. मी एमएस्सीला फॉरेन्सिक घेतलं तेव्हा घरी समजावून सांगायला पाच सेकंद लागली. "साळुंखे करतात ते." आई म्हणाली, बरं.

आता स्फोटाचं. खरंच असं काही झालं तर ओळख पटवायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग डीएनए. भाजलेल्या, तुटलेल्या देहात दाढ किंवा मांडीचं हाड टिकण्याची शक्यता जास्त, त्यातून नमुना काढतात. पण तो जुळवायचा कशाशी? आई-वडील किंवा मुलं लागतात. इथे गोची आहे. एसीपींच्या मुलावर तर त्यांनीच गोळी झाडली होती, जुन्या प्रेक्षकांना नकुल आठवत असेल. मग उरतो घरचा दात घासायचा ब्रश, कंगवा, दाढीचं सामान, आणि ते त्यांचंच आहे हे सांगणारा कोणीतरी. सत्तावीस वर्षांत आपण एसीपींच्या घरात किती वेळा गेलो?

टिचकी
सकाळी ७:५२

म्हणजे खुनाचं गूढ सोडा, एसीपींच्या कंगव्याचं गूढच पहिलं. लॅबवाली, लिहीत जा हो. वाचनमात्र राहणं हा कलम ३०२ चा गुन्हा आहे.

कारकून_नं_१
सकाळी ९:१०

खुनाचं कलम ३०२ आता १०३ झालंय, १ जुलै २०२४ पासून. त्याच दिवसापासून लागू झालेल्या नव्या संहितेत सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलंय, राज्यांना त्यासाठी मुदत दिली आहे. म्हणजे साळुंखे घटनास्थळी हजर असायचे ते काळाच्या सव्वीस वर्षं पुढे होते असं म्हणा.

मी सेवापुस्तकवाला माणूस आहे, मला वेगळाच प्रश्न पडतो. हे गृहस्थ १९९८ मध्ये एसीपी. २०२५ मध्ये एसीपी. पदोन्नती नाही, बदली नाही. महाराष्ट्र पोलिसांत निवृत्तीचं वय अठ्ठावन्न, साटम याच महिन्यात पंचाहत्तरीचे होतायत. पद तेच, पोस्टिंग तेच, कोट तोच. एवढ्यावर आमच्या खात्यातल्या शिपायाने मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात, केस टाकली असती आणि जिंकलाही असता.

दुसरं. महाराष्ट्राच्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे, पाषाणला. अप्पर पोलीस महासंचालक दर्जाचे अधिकारी प्रमुख असतात. मुंबई शहरातल्या खुनाचा तपास पोलीस ठाणं करतं, किंवा मुंबई पोलिसांची गुन्हे शाखा. मग हे मुंबईतलं सीआयडी ब्युरो नक्की कोणाच्या हाताखाली? वरून क्वचित डीसीपी येऊन ओरडायचे, तेवढंच. त्यामुळे पंचनामा कोणी केला, याच्या आधीचा प्रश्न : हद्द कोणाची?

भरदुपारी
सकाळी ९:३०

कारकून, तुमचा प्रतिसाद पप्पांना मोठ्याने वाचून दाखवला. "हद्द कोणाची" ऐकल्यावर त्यांनी टाळी दिली. दोन ठाण्यांच्या हद्दीवर पडलेलं प्रेत रात्रभर कसं दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे ढकलत होते, याची गोष्ट आम्ही चाळीस वेळा ऐकलीय, आता एक्केचाळिसावी सुरू आहे. पोह्यांबरोबर.

संपादक
सकाळी १०:१५

नव्या कलाकाराच्या दिसण्यावरून केलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. भूमिकेवर लिहा, माणसावर नको.

सोलापुरी_चादर
दुपारी १२:४०

संपादकांनी बरं केलं.

जेवणाच्या सुट्टीत थोडा इतिहास टाकतो, कारण नवीन मंडळींना वाटतं ही मालिका म्हणजे निव्वळ मीम. मालिकेचे कर्ते बी. पी. सिंग हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे. मुंबई दूरदर्शनवर कॅमेरामन होते. सीआयडीच्या कितीतरी आधी त्यांनी मराठीत 'एक शून्य शून्य' केली. नाव पोलिसांच्या फोन नंबरवरून. त्यात साटम होते. म्हणजे प्रद्युम्नांची पाळंमुळं आपल्या मराठी दूरदर्शनमध्ये आहेत, सोनीत नाहीत. माझे काका ती लागली की फोनचा रिसीव्हर काढून ठेवायचे.

साटम मूळचे बँकेतले, सेंट्रल बँकेत नोकरी. आंतरबँक नाट्यस्पर्धांतून पुढे आले. अशी एक पिढीच होती आपल्याकडे, सकाळी काउंटर आणि संध्याकाळी तालीम. 'वास्तव'मधला हताश बाप आठवा, 'उत्तरायण'मधला उतारवयातला नायक आठवा. तो माणूस प्रद्युम्न साकारताना मुद्दाम एका साच्यात राहिला. याचं मला कायम थोडं वाईट वाटतं. पगार मिळाला, घराघरात पोचले, पण 'उत्तरायण'सारख्या आणखी पाच भूमिका आपल्या वाट्याला आल्या असत्या.

सुरुवातीच्या टीममध्ये आशुतोष गोवारीकर इन्स्पेक्टर होते हे किती जणांना माहितीये? आणि २००४ मध्ये एकही कट न घेता सलग १११ मिनिटांचा भाग केला होता, त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. एका चुकीसाठी सगळं पहिल्यापासून! आता सहा सेकंदांचा धूर आणि दहा वेळा तोच चेहरा तीन बाजूंनी दाखवतात, तेव्हा ते एकशे अकरा आठवतात.

रुमाल
दुपारी १:०५

रुमाल उचलतो. मला एसीपींचं काही वाटलं नाही, पण त्यांच्या टीममधल्या फ्रेडीचं अजून वाटतं. फ्रेडी साकारणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये खरंच गेले, साठीही गाठली नव्हती. त्यांनी काही भागांचं लेखनही केलं होतं. बातमी आली, आपण 'अरेरे' लिहिलं, दोन हात जोडल्याच्या चित्रांनंतर गटात कोणीतरी सुप्रभात टाकलं. धागा निघाला नव्हता. मीही काढला नाही.

मेपलपान
दुपारी १:३०

रुमाल, खरंय.

खडूस_आत्या
दुपारी २:१५

हो रे. त्या बायकोला घाबरणाऱ्या फ्रेडीमुळेच सासूबाई बघायच्या.

टिचकी
सायंकाळी ५:४५

ब्रेकिंग. साटमांची प्रतिक्रिया वाचली का? वर्तमानपत्रांना म्हणालेत की आपण काही काळासाठी सुट्टी घेतली आहे, पुढे काय ठरवलंय ते निर्मात्यांना ठाऊक, भूमिका संपली असं आपल्याला कोणी सांगितलेलं नाही.

म्हणजे मयताला मयत झाल्याचं कळवलेलंच नाही!

कारकून_नं_१
सायंकाळी ५:५२

आमच्याकडे होतं असं. हयातीचा दाखला वेळेत दिला नाही की पेन्शन बंद, आणि जिवंत माणसाला येऊन सांगावं लागतं की मी जिवंत आहे.

खडूस_आत्या
सायंकाळी ६:००

मी काय म्हटलं होतं काल रात्री १०:३१ ला? वेळ बघा. वेळ.

साडेसाती
सायंकाळी ६:३०

म्हणजे एका नटाची सुट्टी आणि वाहिनीचा श्रद्धांजलीचा फलक. त्यात फेब्रुवारीपासून ही मालिका नेटफ्लिक्सवरही आलीय, नवे प्रेक्षक हवेत, चर्चा हवी. तुम्ही-आम्ही इथे एवढे प्रतिसाद टाकले, म्हणजे त्यांचं काम झालं. यात गुन्हा कोणी केला असेल तर आपणच, आणि थप्पड न खाता कबूल करतोय.

मेपलपान
सायंकाळी ७:०५

इकडे टोरांटोत सकाळ आहे. माझी मुलगी बारा वर्षांची, तिला मराठी समजतं, हिंदी जेमतेम. तिला एसीपी माहीत आहेत ते हात फिरवणाऱ्या स्टिकरमधून. मी म्हटलं, अगं ते गेले. ती म्हणाली, "स्टिकर चालेल ना अजून?" मी हो म्हटलं. मग शाळेत गेली.

मला स्वतःला मात्र एक आठवण सतावतेय. इथे आलो तो पहिला हिवाळा. भाड्याची खोली, कोणाशी ओळख नाही, बाहेर बर्फ. जुने भाग यूट्यूबवर लावून ठेवायचो आणि स्वयंपाक करायचो. बघत नसायचोच. सगळ्या भागांत तोच पार्श्वसंगीताचा दणका, तीच अंधेरी-मालाडकडची वाटणारी बंगल्यांची फाटकं, तेच रिसॉर्ट, तेच 'ये देखिए सर'. पाठीमागे कोणीतरी घरातलं बोलत असल्यासारखं वाटायचं. खुनाची मालिका ऐकत डाळीला फोडणी देणं हे सांगायला विचित्र वाटतं, पण होतं तसं.

भरदुपारी
रात्री ८:५५

मेपलपान, अजिबात विचित्र नाही.

पप्पांचं पुढचं सांगते. आज दिवसभर तो विषय त्यांच्या डोक्यात होता. संध्याकाळी देवळातून आले आणि स्वतःहून बोलले, जे ते फारसं करत नाहीत. नोकरीत असताना बंदोबस्तावर त्यांच्या ठाण्याचे एक साहेब अपघातात गेले होते. रात्री गेले. इन्क्वेस्ट, म्हणजे मृतदेहाचा पंचनामा लिहायला पप्पांनाच बसवलं, कारण अक्षर चांगलं. ज्या माणसाचं नाव ते रोज अर्जांवर 'मा. साहेब' म्हणून लिहायचे ते नाव मयताच्या रकान्यात लिहायचं. वय, उंची, अंगावरचे कपडे, खिशातल्या वस्तू. खिशात बंदोबस्ताचा पास, पाकीट आणि अर्धा खाल्लेला चिक्कीचा पुडा होता. चिक्की मुद्देमालात लिहायची की नाही यावर पंच आणि पप्पांचं बोलणं झालं. लिहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवीन साहेबांनी चार्ज घेतला. त्याचं पप्पांना काही वाटलं नाही, खातं असंच चालतं म्हणाले, नवा पोरगा येतोय तर येऊ दे. "पण आधी लिहिलं होतं गं आम्ही. सगळं लिहिलं होतं."

म्हणून ते विचारत होते, पंचनामा कोणी केला.

लॅबवाली
रात्री ९:२०

चिक्की लिहिली हे बरोबर केलं. पप्पांना सांगा.

साडेसाती
रात्री ९:४१

मी दोन दिवस मालिकेला नावं ठेवतोय, पण असा एक भाग त्यांनी काढला तर मी पहिल्या रांगेत बसेन. फक्त पंचनामा. एक टेबल, एक रायटर, दोन पंच.

टिचकी
रात्री ९:४४

सलग १११ मिनिटं, कट नाही.

रुमाल
रात्री ९:५०

रायटरच्या भूमिकेत साटम.

सोलापुरी_चादर
रात्री ९:५३

वाह रुमाल! आता झोप येणार नाही.

खडूस_आत्या
काही आठवड्यांनंतर, रात्री ११:०२

धागा वर काढतेय. का, ते सांगायला हवं का? परत आले! प्रद्युम्न परत आले! मी १०:३१ ला काय म्हटलं होतं?

टिचकी
रात्री ११:०६

आत्यांना दंडवत. सणसुद्धा लागला नाही.

कारकून_नं_१
रात्री ११:१५

मधल्या काळातला पगार काढायचा की रजा धरायची? अर्जित रजा शिल्लक असेलच, सत्तावीस वर्षांत घेतली कधी?

मेपलपान
रात्री ११:२०

स्टिकर चालू आहे, एवढं कळवतो.

साडेसाती
रात्री ११:३१

आणि तो श्रद्धांजलीचा फलक? १९९८ ते २०२५? त्याचं काय करायचं?

लॅबवाली
रात्री ११:४०

कंगवा लागला नाही म्हणजे. चला, एक नमुना कमी.

भरदुपारी
दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:१०

काल भाग पाहिला. आई आनंदाने "आले गं बाई" म्हणाली, मी पण खुर्चीत सरसावून बसले. पप्पा शेवटपर्यंत शांत. जाहिराती लागल्या तेव्हा उठले, पाणी प्यायले, आणि येताना विचारलं,

"हजर रिपोर्ट दिला का त्यांनी?"